हालगे मॅडमचा भागाकार

शिवकांता हालगे मॅडमना एसटीची वाट बघताना कधी कंटाळा यायचा नाही. अहमदपूरच्या स्टँडवर आम्ही बाकीचे लोक गाडी कुठवर आली असेल यावर चर्चा करायचो. त्या उभ्या राहून समोर लागलेल्या गाड्यांचे नंबर फोडायच्या. फोडायच्या म्हणजे त्या नंबराला कशानं भाग जातो ते बघायच्या. भाग गेला की म्हणायच्या, "फुटला." नाही गेला की नुसतं "हं" म्हणून पुढच्या गाडीकडं वळायच्या. एकदा लातूरची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "जाऊ द्या की सर. सतरानं बघायचं ऱ्हायलं होतं."

मी बिलोलीकडचा. अहमदपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आलो, तेव्हा स्टाफरूममध्ये खिडकीजवळची एकच खुर्ची रिकामी होती, आणि ती मॅडमच्या शेजारी होती. ती रिकामी का होती हे मला आठ दिवसांत कळलं. शेजारी बसणाऱ्याला त्या सवाल घालायच्या. गणिताला त्या कधी उदाहरण म्हणाल्या नाहीत, नेहमी सवालच. आणि सवाल घातला की उत्तराची घाई नसायची. दोन दिवसांनी जिन्यात गाठून विचारायच्या, "मग, काय झालं त्याचं?"

त्या जळकोटच्या. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान होतं, आता भाऊ बघतो. आई उदगीरच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी. त्यामुळं मॅडम शिकवायच्या मराठीत, पण गुणाकार अवघड झाला की ओठांतल्या ओठांत ओंदु, एरडु, मूरु सुरू व्हायचं. कपाळावर भस्माची पुसट रेघ. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि विचार करताना तिच्यावरून अंगठा फिरवायची सवय. अंगठा थांबला की समजायचं, उत्तर आलं. बारावीच्या पोरी परीक्षेत त्यांच्या अंगठ्याकडं बघत बसतात, अशी एक अफवा होती. बारा वर्षं त्या याच कॉलेजात शिकवत होत्या, आणि बाराही वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन. दरवर्षी जूनमध्ये नवा अर्ज, नवी ऑर्डर. त्याबद्दल त्या फारशा बोलायच्या नाहीत.

मूळ संख्या म्हणजे काय हे मला शाळेत कुणीतरी सांगितलं असेलच, पण कळलं ते मॅडमच्या डब्यातल्या शेंगदाण्यांवर. त्यांनी झाकणावर बारा शेंगदाणे मांडले. तीन रांगा, चार चार. मग दोन रांगा, सहा सहा. मग एक दाणा वाढवला आणि डबा माझ्यापुढं सरकवला. "आता मांडा बरं सारख्या रांगा." मी मांडून बघितलं. दोनच्या रांगेत एक उरतो, तीनच्यात एक उरतो, चारच्यातही एकच, पाचच्यात तीन. एकच लांब रांग काय ती जमते. "तेरा फुटत न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणीही मांडू द्या. नांदेडात मांडा न्हाई तर आणखी कुठं. फुटतच न्हाई." त्यात त्यांना एवढं काय वाटतं हे मला तेव्हा समजलं नाही. पण तो तेरावा दाणा मी खाल्ला, तेव्हा जरा विचार करून खाल्ला.

त्यांच्या बोलण्यात काही माणसं आकड्यांनी ओळखली जायची. एखादा फार ताठ, कुणापुढं न वाकणारा वाटायचा. सगळे त्याचं कौतुक करायचे. मॅडम हळूच म्हणायच्या, "एक्क्याण्णव हाय ते." एक्क्याण्णव दिसतो मूळ संख्येसारखा. दोननं जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही, आणि तिथंच माणूस सोडून देतो. सातनं बघा, तेरा वेळा जातो. हे मला समजल्यावर पुढं आमच्या दोघांत तो शब्दच झाला. नवीन कुणी रुजू झालं की मी डोळ्यांनीच विचारायचो आणि त्या म्हणायच्या, "बघू की अजून. सातनं बघितलं न्हाई."

बारावीच्या निरोपाच्या फोटोची गोष्ट सगळ्या कॉलेजला माहीत आहे. त्या वर्षी तुकडीत एकाहत्तर मुलं होती. फोटोग्राफरला पाठीमागं सारख्या रांगा हव्या होत्या. त्यानं तीन रांगा करून बघितल्या, चार करून बघितल्या, दर वेळी टोकाला कुणीतरी लोंबायचं. उन्हात उभी पोरं वैतागली. प्राचार्य म्हणाले, एकाला खाली बसवा. खाली बसायला कुणी तयार होईना. मॅडम व्हरांड्यातून आल्या आणि फोटोग्राफरला म्हणाल्या की तुम्ही उगं कष्ट करून राहिलात, एकाहत्तर फुटत नाही. एक कमी करा नाहीतर एक वाढवा. कमी कुणाला करणार? तेव्हा त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि पाण्याचा जग घेऊन उभ्या असलेल्या रामकिशन मामांना हाक मारली. मामा आमचे शिपाई, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. ते नाही नाही म्हणत होते. मॅडमनी जग स्वतःच्या हातात घेतला आणि मामांना वरच्या रांगेत उभं केलं. बहात्तर झाले. अठराच्या चार रांगा. तीस वर्षं मामांनी त्या मैदानात फोटोसाठी बाकं मांडली होती, फोटोत ते पहिल्यांदा आले. मॅडमनी हे मामांसाठी केलं की आकड्यासाठी, हे मी एकदा विचारलं. त्या गोंधळल्याच. "ते येगळं कसं करायचं?" असं म्हणाल्या.

आता तो मोठा आकडा.

फोटोच्या पुढच्या वर्षी कॉलेजनं प्रवेशाचं काम कॉम्प्युटरवर घेतलं होतं. एका माणसाकडून सॉफ्टवेअर करून आणलं, ऑफिसनं सगळ्या मुलांची नावं, पत्ते, पालकांचे मोबाइल नंबर भरले. ऑगस्टमध्ये किनगावकडची एक मुलगी तासाला चक्कर येऊन पडली. तिला दवाखान्यात नेलं आणि घरी कळवायला ऑफिसनं यादी काढली. यादीतला नंबर लागेना. मैत्रिणीच्या घरी लावावा म्हणून तिचा नंबर बघितला, तर तोच. खालच्या मुलीचाही तोच. सहाशे मुलांच्या सहाशे बापांचा एकच नंबर छापून आला होता: २१४७४८३६४७.

मुलीचं ठीक झालं. संध्याकाळपर्यंत तिचे वडील आलेही, गावच्या कुणाकडून तरी निरोप गेला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ऑफिसच्या नावानं ठणाणा झाला. सॉफ्टवेअरवाल्यानं फोनवर सांगितलं की काही नाही, कचरा आला आहे, दुरुस्त करून देतो, नंबर पुन्हा भरावे लागतील. विषय संपला. मॅडम मात्र यादीचं एक पान घेऊन बसल्या होत्या.

"कचरा असा येतो का?" त्या म्हणाल्या. "कचरा म्हणजे याला एक, त्याला एक. सहाशे डाव सारखाच आला तर तो कचरा न्हाई. कुणीतरी काहीतरी सांगून राहिलंय."

सवयीप्रमाणं आधी दोननं, तीननं, पाचनं, सातनं बघून झालं. भाग गेला नाही. मग त्यांनी त्यात एक मिळवला, आणि येणारी संख्या निम्मी करत सुटल्या. निम्मी, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी. अशी संख्या कुठंतरी विषम होते आणि अडते. ही अडली नाही. पानाच्या खालपर्यंत गेली, पाठीमागच्या बाजूला गेली, आणि शेवटी सोळा, आठ, चार, दोन, एक. मोजलं तर एकतीस वेळा. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणजे एकापासून सुरू करून एकतीस वेळा दुप्पट करायची आणि आलेल्यातून एक काढायचा, की हा आकडा.

आमचे कॉम्प्युटरचे फारुख सर तरुण आणि हुशार. त्यांनी उलगडा केला. अधिक-उण्याच्या खुणेचं एक घर सोडलं तर कॉम्प्युटरनं अशा आकड्याला एकतीस घरं दिलेली असतात आणि प्रत्येक घरात एक दिवा, लागलेला किंवा विझलेला. पहिल्या दिव्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, अशी दुप्पट होत जाते. एकतीसच्या एकतीस दिवे लागले की हा आकडा. यापेक्षा मोठं काही टाकलं तर ते मावत नाही, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये मावलं नाही की भरलेलं मापच तेवढं राहायचं. आपले मोबाइल नंबर सगळेच याहून मोठे. म्हणून सगळ्यांचा एकच. मॅडमनी हे दोनदा ऐकलं, मग रामकिशन मामांच्या जागी आलेल्या नवीन शिपायाला समजावून सांगितलं. मापटं काठोकाठ भरलं की वरचं सगळं सांडतं आणि मापट्यात मापटंभरच राहतं. त्याला ते लगेच पटलं.

इथं दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं. मॅडमचा सवाल तिथून सुरू झाला. हा भरलेला आकडा फुटतो का?

त्यांनी तो वर्गात नेला, पण छोट्यापासून. दोन दिवे लावले की तीन, फुटत नाही. तीन लावले की सात, फुटत नाही. चार लावले की पंधरा, फुटतो. पाच दिव्यांचे एकतीस, फुटत नाही. सात दिव्यांचे एकशे सत्तावीस, नाही फुटत. पोरांनी नियम काढला की दिव्यांची संख्या मूळ असली की आकडाही मूळ. मॅडम अकरा दिवे लावा म्हणाल्या. आले दोन हजार सत्तेचाळीस. सगळा वर्ग म्हणाला, फुटत नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तेवीसनं भागून एकोणनव्वद काढले. मॅडम इतक्या खुश झाल्या की तिला शेंगदाण्याचा अख्खा डबा दिला. मला म्हणाल्या, "बघा सर, नियम वाटला, आणि मोडला. एकोणतीस दिवेबी फुटतात. आता एकतीसचं काय?"

फारुख सरांनी मोबाइल काढला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं की हा मूळ आहे, फुटत नाही, सगळ्या जगाला शेकडो वर्षांपासून माहीत आहे. एका परदेशी गणितज्ञानं हातानंच दाखवून दिलंय. मॅडम हसल्या. त्यांनाही ते ठाऊक असणारच, नांदेडला एम.एस्सी. केलं होतं त्यांनी.

"हाव, त्यानं बघितलं," त्या म्हणाल्या. "मी न्हाई बघितलं अजून."

मग ती वही सुरू झाली. लांबलचक, रेघांची. मला वाटलं, दोन अब्जांच्या वरचा आकडा, किती भागाकार करणार. त्यांनी मला ते टप्प्याटप्प्यानं समजावलं. फार पुढं जायची गरज नसते. शेहेचाळीस हजारांच्या थोडं पुढंपर्यंत कुणी भाजक सापडला नाही की सापडणारच नाही, कारण दोन भाजकांपैकी लहान त्याच्या अलीकडंच असायला हवा. तरी शेहेचाळीस हजार झालेच. पण या आकड्याची एक गंमत होती. याला फोडणारी मूळ संख्या बासष्टनं भागली तर बाकी एकच उरायला हवी, हे त्यांनी कॉलेजात शिकलेल्या एका प्रमेयावरून काढून दाखवलं. मला त्यातलं निम्मं कळलं. उरल्या साडेसातशेच्या आत. आणखी एका नियमानं निम्म्या गळाल्या. त्यातल्या ज्या स्वतःच फुटतात त्या काढल्या, आणि राहिले चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी भागाकार. "एवढं तर व्हईल की," मॅडम म्हणाल्या.

आठवड्याला तीन किंवा चार. कधी डबा खाऊन झाल्यावर, कधी मधल्या सुट्टीत. कॅल्क्युलेटर त्यांनी घेतला नाही. मी विचारलं कामून घेत नाही, तर म्हणाल्या, बटण दाबलं की उत्तर येतं, वाट कळत नाही. बाकी मोठी उरली की त्या जराशा नाराज व्हायच्या, छोटी उरली की अस्वस्थ. एकदा बाकी तीसच्या आसपास उरली होती, तेव्हा दिवसभर त्यांचं लक्ष नव्हतं. स्टाफरूममध्ये आम्हाला सवयच झाली. कुणीतरी विचारायचं, आज किती, आणि त्या सांगायच्या, सदतीस झाले. पुढं चाळीस, पुढं पंचेचाळीस.

डिसेंबरच्या सुरुवातीला, पन्नास-बावन्न भागाकार झाल्यावर, एका दुपारी त्यांचा अंगठा डबीवर थांबला आणि बराच वेळ हलला नाही. मी वहीत डोकावलो. खाली बाकी होती शून्य.

 त्यांनी उलटा गुणाकार केला. जमला. नवाचा ताळा काढला. जमला. वही फारुख सरांकडं दिली. त्यांनी मोबाइलवर गुणून बघितलं, पानावर वर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघितलं आणि पुन्हा एकदा गुणलं. भाजक पाच आकडी होता, आज मला आठवत नाही. फारुख सर एवढंच म्हणाले की असं होऊ शकत नाही. मॅडम म्हणाल्या, "तेच तर. पण झालंय."

त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त बारावीच्या वर्गात, जिथं पोरं रोज विचारायची, तिथं खरं ते सांगितलं की आज बाकी शून्य आली आहे, अजून तपासायचं आहे. तपासायचं आहे हे कुणी ऐकलं नाही. तासाभरात ते मोबाइलवरून गावभर गेलं. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात कोपऱ्यात बातमी आली की अहमदपूरच्या शिक्षिकेनं कॉम्प्युटरला खोटं ठरवलं. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. शनिवारी सत्कार ठेवायचा. आणि अध्यक्षांनी प्राचार्यांजवळ आणखी एक बोलून ठेवलं होतं, ते प्राचार्यांनी मला सांगितलं, मी मॅडमना सांगितलं. गणिताची एक पक्की जागा निघणार होती, आणि स्टेजवरूनच ती मॅडमना जाहीर करायचा त्यांचा विचार होता.

मॅडमनी ऐकलं.  मग म्हणाल्या, आईला सांगू का नको? मी म्हणालो, शनिवारी सांगा. त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी तसा बघितला नव्हता.

शनिवारी सकाळी साडेदहाला कार्यक्रम. त्या नऊलाच आल्या होत्या. फळ्यावर सगळ्यांना समजेल असं कसं मांडायचं, याची तयारी करत स्टाफरूमच्या टेबलाशी बसल्या. मी शेजारी पेपर वाचत होतो. त्यांनी कोऱ्या कागदावर एकपासून दुप्पट करायला सुरुवात केली. दोन, चार, आठ. एकतीस वेळा दुप्पट केल्या, एक वजा केला, आणि वही उघडून शेजारी ठेवली. मग मला हाक मारली. आवाज अगदी साधा होता.

"सर, हे दोन आकडे वाचा बरं. एकेक करून."

मी वाचले. कागदावरचा वाचला, वहीतला वाचला. दोन्ही सारखेच वाटले. त्या म्हणाल्या, सावकाश. मी बोट ठेवून पुन्हा वाचले, आणि मध्ये बोट अडलं. वहीतल्या पानावर मधले दोन आकडे मागंपुढं झाले होते. नवीन पान सुरू करताना वर संख्या उतरवून घेतली, तेव्हाच ते झालं असणार. त्या पानावरचे सगळे भागाकार दुसऱ्याच कुठल्या तरी संख्येचे होते. गुणाकार जमला, कारण तो त्या चुकीच्या संख्येशीच जमला. नवाच्या ताळ्याला तर आकडे कुठं आहेत याच्याशी घेणंदेणं नसतं, बेरीज सारखी आली की झालं. फारुख सरांनीही पानावरचाच आकडा बघितला होता. दहा आकड्यांत दोनांची अदलाबदल कुणाच्या डोळ्याला दिसते?

बाहेर मैदानात माईक तपासत होते. मी म्हणालो, मॅडम, आज काही बोलू नका. सोमवारी प्राचार्यांना सांगू, ते समजून घेतील. आजचा दिवस जाऊ द्या. मी ते त्यांच्या भल्यासाठीच म्हणालो, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. फक्त त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती लक्षात आहे. त्यात राग नव्हता. एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की त्या अशाच बघायच्या.

त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "पोरींनी वहीत लिहून घेतलंय सर. सोमवारपर्यंत पाठ व्हईल."

कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. ते जागेचं बोलणार होते, त्याच्या आधी मॅडमनी दोन शब्द बोलू द्या म्हणून माईक मागितला. स्टेजवर त्या कधी चढलेल्या नव्हत्या. वर्गात बोलतात तशाच बोलल्या. फळ्यावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि मुलांना विचारलं की फरक सांगा. मिनिटभर कुणाला दिसेना. मग ती मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि तिनं सांगितला.

मॅडम म्हणाल्या, "बरोबर. माझ्याकडून आकडा उतरवताना चूक झाली. त्यामुळं भागाकार चुकला. हा सत्कार त्या भागाकाराचा होता, तेव्हा तोसुद्धा चुकला. ज्यांनी वहीत लिहून घेतलं त्यांनी आत्ता खोडा." आणि शाल घडी करून अध्यक्षांपुढच्या टेबलावर ठेवली.

कुणी टाळी वाजवली नाही. बातमीदार उठून गेला. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, त्यांनी शाल परत त्यांच्या हातात दिली, पण त्यांचा चेहरा पडला होता, आणि जागेचं बोलायचं राहून गेलं. त्या वर्षी ती जागा भरली. ज्यांना मिळाली ते चांगले शिकवायचे, त्यांचा काही दोष नाही.

सोमवारी मॅडम नेहमीसारख्या आल्या. ते पान फाडलं नाही, त्यावर तिरकी रेघ मारून खाली लिहिलं, 'आकडा चुकीचा, पुन्हा करणे.' आणि पुन्हा केलं. आता दर पानावर आकडा उतरवला की मला वाचायला द्यायच्या. मी एकेक अंक मोठ्यानं वाचायचो, त्या कागदावर बोट ठेवून ऐकायच्या. गणितातलं माझं एवढंच योगदान. फेब्रुवारीत चौऱ्याऐंशीवा भागाकार झाला. मी तेव्हा नांदेडला पेपर तपासणीला होतो. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "न्हाई फुटला, सर."

मी विचारलं की एवढं करून जे आधीच ठाऊक होतं तेच निघालं, कसं वाटतं. त्या म्हणाल्या, पहिलं ऐकलेलं होतं, आता बघितलेलं आहे. मग त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं. कॉम्प्युटरवाल्यांनी घरं एकतीस ठेवली ती त्यांच्या सोयीसाठी. ती अठ्ठावीस ठेवली असती तर आकडा फुटला असता, तीस ठेवली असती तरी फुटला असता. काठोकाठ भरलेलं माप नेमकं न फुटणारं निघावं, हे त्यांनी मुद्दाम केलं का आपसूक झालं? मी म्हणालो, आपसूक असेल. "मलाबी तसंच वाटतं," त्या म्हणाल्या, "पण मग लईच गंमत हाय."

त्या जूनमध्ये त्यांनी अर्ज केला नाही. आईला बरं नसायचं, म्हणून जळकोटला परत गेल्या आणि तिथल्या एका शाळेत शिकवायला लागल्या. फोन व्हायचे, कमी कमी होत गेले. दिवाळीला एखादा सवाल यायचा मोबाइलवर, शुभेच्छा नसायच्या.

गेल्या वर्षी बारावीच्या परीक्षेला माझी ड्यूटी जळकोटला लागली. शेवटच्या दिवशी पेपर लवकर आटोपला आणि गाडीला तासभर वेळ होता, म्हणून शाळा विचारत गेलो. वर्ग भरलेला होता. व्हरांड्यातल्या खिडकीतून मॅडम दिसल्या. केस बरेच पांढरे झालेले, चष्मा नवीन. सातवीचा वर्ग असावा, सगळ्या पोरी. फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत आकड्यांनी भरला होता. अशी संख्या मी आयुष्यात बघितली नव्हती. नंतर कळलं की एकसष्ट दिव्यांचा आकडा काढणं चाललं होतं, एकोणीस अंकी, दुप्पट करत करत. तो भागून बघायला कुणाचा जन्म पुरायचा नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी आत जाणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक बारीकशी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तिथं हातचा ऱ्हायला."

मॅडम थांबल्या. फळ्याकडं बघितलं. मग जवळ गेल्या, पुन्हा बघितलं.  त्यांनी खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि स्वतः जाऊन तिसऱ्या बाकावर, तिच्या जागेवर बसल्या. बाक त्यांना आखूड होता, गुडघे अडत होते. मुलगी चवड्यांवर उभी राहून चुकलेली ओळ पुसत होती. शेजारच्या पोरीनं मॅडमना जरा जागा करून दिली. मॅडमनी दोन्ही हात बाकावर ठेवले, मान तिरकी केली, आणि ती आता काय लिहिते ते बघत राहिल्या.

मी हाक मारली नाही.